काटक्यांच्या घरची साखर

मधुमेह म्हणजे गादीवरल्या शेटजींचे दुखणे, अशी आम्हां शहापूर-मुरबाडकडच्या माणसांची समजूत. वरकस जमिनीत राबणाऱ्या काटक देहाला साखर होणार कशी? पण घाटावर ही समजूत पार ढासळली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली जवळच्या सहा खेड्यांत गर्भारशींचा अभ्यास मांडला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो, इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. दंड बारीक, पोट लहान. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली! १९९२ साली हेल्स व बार्कर या इंग्रज संशोधकांनी मांडले होते ते असे : पोटातच उपाशी राहिलेला जीव काटकसर शिकतो. मेंदू जपतो, स्नायू आखडता घेतो. पुढे ताट भरले आणि पाय थांबले, की साखर रिचवणारा स्नायूच अपुरा. इन्सुलिनने कितीही हाकारले तरी ती रक्तातच फिरते. आईच्या उपासाचा दंड लेकराने भरायचा, हा कुठला न्याय? त्याच खेड्यांत पालेभाज्या, फळे वारंवार खाणाऱ्या आयांची बाळे अधिक वजनाची निघाली. आमच्या रानात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू फुकट उगवते. गर्भारशीच्या ताटात पडते ते मात्र सगळ्यांचे जेवून उरलेले.