इंजिन अडखळते तेव्हा : बिघाडाच्या निदानाचा योग्य क्रम

तंजावूर : बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहण्यासाठी दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातून मोटारीने तंजावूरला जाणाऱ्यांनी ऋतुमानातील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील पावसाळा तोवर संपलेला असतो. मात्र कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर हाच ईशान्य मोसमी पावसाचा मुख्य काळ असतो. प्रदेश सपाट असल्याने पाण्याचा निचरा सावकाश होतो. दमट हवेत वा साचलेल्या पाण्यातून गेल्यावर इंजिन अडखळू लागल्यास अंदाजाने सुटे भाग बदलण्याऐवजी क्रमाने तपासणी केल्यास खर्च वाचतो आणि मोठे नुकसानही टळते.

प्रथम लक्षणांची नोंद

बिघाड केव्हा जाणवतो, ही निदानातील पहिली पायरी होय. इंजिन थंड असताना की तापल्यावर, गाडी उभी असताना की चढावर, पावसानंतर की इंधन भरल्यानंतर, याची नोंद मेकॅनिकला उपयोगी पडते. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जात असल्याचे, निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे सुचवतो.

डॅशबोर्डवरील ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास वा तापमानाचा काटा चढल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन त्वरित बंद करावे. ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर असल्यास गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असल्यास सहसा सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग निकामी होऊ शकतो. अशा वेळी गाडी दामटू नये.

बॅटरी आणि स्कॅनर

इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन सुरू असताना तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. त्यानंतर स्कॅनर जोडून संगणकातील त्रुटी-संकेत वाचावेत. ‘पी ०३०१’ हा संकेत पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दर्शवतो. ‘पी ०१७१’ हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. संकेत बिघाडाची दिशा दाखवतो, नेमका नादुरुस्त भाग नव्हे. म्हणून तो नोंदवण्याआधी पुसू नये.

ठिणगी, हवा, इंधन

पावसाळी हवेत इंजिन ‘मिसिंग’ करत असल्यास स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल प्रथम पाहावेत. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असल्यास संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहता येते. त्रुटीही तिच्यासोबत तिकडे गेली, तर दोष कॉइलचाच ठरतो.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एअर फिल्टर चोंदल्यास वा हवेच्या नळीला चीर गेल्यास हे प्रमाण बिघडते. उभ्या गाडीत इंजिन थरथरते, पण वेग वाढल्यावर सुरळीत होते, असे आढळल्यास हवेच्या गळतीचा संशय घ्यावा. उलट, उभ्या गाडीत सर्व ठीक असून चढावर जोर कमी पडत असल्यास इंधनाचा दाब, फिल्टर आणि पंप तपासावेत. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे ई-२० पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी. हे सर्व ठीक आढळल्यावरच कॉम्प्रेशन चाचणी करावी. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी असल्यास व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग वा हेड गॅस्केटमध्ये दोष असू शकतो.

पाण्यात बंद पडल्यास

कावेरीच्या मुखाकडील या भागाला १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. अशा काळात गाडी पाण्यात बंद पडल्यास वरील क्रम बाजूला ठेवावा आणि पुन्हा सेल्फ मारू नये. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पाणी ओसरल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी, गाडी ओढून न्यावी आणि एअर फिल्टर ओला आहे का, ते पाहावे. डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधील पाणी बाहेर काढल्याशिवाय आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

पाणी शिरल्यानंतर इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान सर्वसाधारण मोटार विम्यात बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची पूरक तरतूद घ्यावी लागते. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी विमापत्रात ती आहे का, हे तपासून घ्यावे.