अपघात, भरपाई आणि मुदत

कारखान्यात यंत्रावर कामगार जायबंदी झाला, तर भरपाई कोणाकडे मागावयाची हे आज नव्या कामगारालाही ठाऊक असते. परंतु तोच कामगार पाळी सुटल्यावर सायकलीने घरी जाताना हमरस्त्यावर ट्रकखाली सापडला, तर त्याच्या बायकोने कोणाचे दार ठोठावावयाचे? कारखानदार म्हणतो, कामाची वेळ संपली होती. ट्रकवाला म्हणतो, तोच आडवा आला. पोलीस म्हणतात, कागद कोर्टात गेले. शेवटी ती बाई युनियनच्या कचेरीत येते. तीस वर्षांहून अधिक काळ आम्ही त्या कचेरीत बसत आलो आहोत. आम्ही वकील नव्हे. आमची शाळा नववीत सुटली; कायदा शिकलो तो अशा माणसांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा हा इतिहास आम्ही सांगणार तो अर्ज लिहिणाऱ्याच्या बाजूने.

त्याचा आरंभ इंग्लंडातल्या एका घोडागाडीपासून करावा लागतो. १८०८ सालच्या एका खटल्यात प्रवाशांची गाडी उलटली होती. टपावर एक जोडपे बसलेले होते. नवऱ्याला बराच मार लागला. बायको सुमारे महिन्याभराने इस्पितळात वारली. लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशाने दंडक घालून दिला, की माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात तक्रार करण्याजोगी इजा नव्हे. नवऱ्याला स्वतःच्या दुखापतीबद्दल आणि बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांबद्दल भरपाई मिळाली. तिच्या मरणाबद्दल काही नाही. या दंडकाचा सरळ अर्थ असा, की माणूस लंगडा केला तर पैसे भरावे लागत, ठार केला तर सुटका होई! पुढे आगगाड्या आल्या, अपघात वाढले, आणि १८४६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटला कायदा करून ही विपरीत गोष्ट बदलावी लागली. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा तेरावा कायदा झाला. मृताची पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांना दावा सांगण्याचा हक्क मिळाला. पण हक्क कागदावर मिळाला, एवढेच. दिवाणी कोर्टात दावा लावून समोरच्याची चूक सिद्ध करणे मजुराच्या विधवेच्या आवाक्यातले नव्हते.

याच्या पुढचे पाऊल आमच्या मुंबईत पडले, याचा आम्हांला अभिमान वाटतो. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या, आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या पुष्कळांना माहीत असतात. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. काम करताना जबर दुखापत झाली तर कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. चूक कोणाची, हा प्रश्न या मागणीत नाही. ज्याच्या धंद्यात माणूस मोडला, त्याने त्याचे घर सांभाळावे, एवढेच तीत आहे. ही गोष्ट कायद्यात उतरावयास एकोणचाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला.

तोवर रस्त्यावर मोटारी धावू लागल्या होत्या. मोटारीचा धोका असा, की ती चालविणारा बहुधा गरीब असतो आणि मालक दूर असतो. निकाल मिळाला तरी वसुली कोणाकडून? म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा सक्तीचा ठरला. हा भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी कोर्टाऐवजी अपघात दाव्यांची स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. अर्ज करण्याची मुदत मात्र साठ दिवसांची होती. १९६९ साली ती सहा महिन्यांची झाली. योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९८२ साली, चूक सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये मिळतील असे कलम आले. परळच्या अर्जातले तत्त्व अठ्ठ्याण्णव वर्षांनी हमरस्त्यावर पोहोचले!

पुढे १९८८ चा नवा कायदा आला आणि १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यात मुदत सहा महिन्यांचीच राहिली. पण उशीर माफ करावयाचा तर तो बाराव्या महिन्यापर्यंतच, त्यापुढे नाही, असे कुंपण घातले गेले. या कुंपणाबाहेर उभी राहिलेली एक बाई आम्ही पाहिली आहे.

१९९२ च्या पावसाळ्यात पुणे-बंगळूर रस्त्यावर फाउंड्रीतला एक मोल्डर रात्रपाळीहून परतताना ट्रकखाली सापडून ठार झाला. तेराव्याच्या दिवशी ट्रकमालकाचा मुनीम घरी आला. त्याने पाच हजार रुपये दिले, एका कागदावर तिचा अंगठा घेतला आणि सांगितले, ‘कोर्टात केस उभी आहे. निकाल लागला की बाकीचे मिळतील.’ ती वाट पाहत राहिली. केस खरोखरच उभी होती. पण ती ड्रायव्हरवरची फौजदारी केस होती. भरपाईचा अर्ज निराळा आणि तो आपणच करावयाचा असतो, हे तिला कोणीच सांगितले नाही. चौदाव्या महिन्यात ती कचेरीत आली. आम्ही तेव्हा पंचविशीतले, युनियनच्या कामात नुकतेच पडलेले. एका वकिलांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी पुस्तक उघडून कलम दाखविले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘भाऊ, मग मी कवा याया पायजे हुतं?’ आम्ही तिला एस.टी.त बसवून दिले.

१४ नोव्हेंबर १९९४ पासून संसदेने ही मुदतच काढून टाकली. दावा आपल्या राहत्या जागेच्या न्यायाधिकरणातही लावता येईल अशी सोय त्याच दुरुस्तीने झाली. त्यापूर्वी अपघात जेथे झाला तेथेच जावे लागे. पुढे २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दुरुस्तीनंतर केलेल्या अर्जाला, अपघात आधीचा असला तरी, जुनी मुदत आड येत नाही. म्हणजे त्या बाईचा दावा मेलेला नव्हता. हे आम्ही वाचले तेव्हा तिच्या गावी गेलो. घराला कुलूप होते. मुलांना घेऊन ती कोठे मजुरीला गेली, ते शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना. कायदा बदलला त्याच वर्षी आम्ही तो वाचला असता, तर तिला घरी गाठता आले असते. हा दोष मुनिमाचा नव्हे, आमचा आहे.

हे आज उगाळण्याचे कारण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या खेपेस उशीर माफ करण्याची तरतूदही ठेवली नाही. त्याच दुरुस्तीने चांगल्या गोष्टीही दिल्या: चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख आणि जबर दुखापतीबद्दल अडीच लाख, वाहन पळून गेले तर मृत्यूबद्दल २ लाख. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे धाडावा, असा नियमही झाला. परंतु रक्कम वाढवावयाची आणि दार लवकर लावावयाचे, हा कसला हिशेब? या मुदतीविरुद्धचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये मिळाला. अंतरिम आदेश म्हणजे कायदा नव्हे. त्याच्या भरवशावर कोणी घरी बसू नये.

म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. फौजदारी केस चालू आहे म्हणून स्वस्थ राहू नका. फिर्यादीची नक्कल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, इस्पितळाच्या पावत्या आणि गाडीचा नंबर पहिल्या महिन्यातच गोळा करा. पगाराची चिठ्ठी आणि हजेरीकार्ड जपून ठेवा. भरपाई कमाईवरून ठरते, आणि ज्याच्या कमाईला कागद नाही त्याची कमाई कमी धरली जाते. वाचून घेतल्यावाचून अंगठा देऊ नका. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने स्त्रियांना, कारखान्यातील कामगारांना आणि अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना फुकट वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याची कचेरी आहे. आणि निकालाच्या रकमेत वाटा मागणारा वकील भेटला, तर बार कौन्सिलच्या नियमांत तसा करार मना आहे, एवढे त्याला ऐकवा.

आमच्या कचेरीत आता एक वही ठेवली आहे. सभासदाच्या घरी अपघाताची खबर आली, की तीत दोन तारखा लिहावयाच्या: एक अपघाताची, आणि तिच्यासमोर तांबड्या शाईने सहा महिने पुरे होण्याची. ‘कवा याया पायजे हुतं’ या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता आले नाही. ते आता त्या वहीत लिहिलेले असते, आणि ते घेऊन आम्हीच त्या घरी जातो.