शहराचे पाणी, डोंगरातले गोठे

न्यूयॉर्क शहराच्या पाण्यापैकी सुमारे नव्वद टक्के पाणी वायव्येकडच्या कॅट्सकिल डोंगरांतून आणि डेलावेअर नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यांतून येते. ते निर्जंतुक केले जाते, पण गाळण प्रकल्पातून जात नाही. इतक्या मोठ्या शहराला ही सवलत मिळते, याचे श्रेय बऱ्याच अंशी त्या खोऱ्यांतल्या जंगलाला आणि शेतकऱ्यांना आहे. छोट्या शेतांना पाणी जपण्यासाठी सरकारने मोबदला द्यावा का आणि कसा, हा प्रश्न ज्यांना नवा आहे, त्यांना या खोऱ्यांइतके चांगले प्रवेशद्वार सापडणे कठीण.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. नद्या-तलावांचे पाणी गाळूनच पुरवावे, अन्यथा पाणलोट क्षेत्र सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे, असा नियम अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1989 मध्ये केला. गाळण प्रकल्पाचा खर्च अब्जावधी डॉलरच्या घरात जात होता. शहराने शेतीवर कडक बंधने सुचवली आणि डोंगरात संताप उसळला. तो समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अशोकान जलाशयापासून 1960च्या दशकातल्या कॅनन्सव्हिलपर्यंत शहराच्या तहानेसाठी इथली गावे पाण्याखाली गेली होती. आता ओढ्यापासून दूर राहा म्हणणे म्हणजे उरलेली सुपीक जमीनही सोडा म्हणण्यासारखेच होते, कारण डोंगराळ मुलखात चांगली जमीन असते ती ओढ्याकाठीच.

त्यातून निघालेला तोडगा मला आजही थोर वाटतो. पैसा शहराचा; सहभाग ऐच्छिक; आणि कारभार 1993 मध्ये स्थापन झालेल्या, शेतकऱ्यांच्या नेतृत्वाखालच्या पाणलोट कृषी परिषदेकडे. शहराने अट घातली ती एकच, पण मोठी: पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी सामील झाले पाहिजेत. ते झाले.

वाचकांनी कायद्याच्या कलमांपासून नव्हे, गोठ्यापासून सुरुवात करावी. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी कोवळ्या वासरांच्या शेणातून पसरू शकतो. 1993 मध्ये मिलवॉकी शहरात पाण्यातून आलेल्या याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. म्हणून शेताच्या आराखड्यात वासरांची वेगळी, कोरडी सोय असते. शेणातला फॉस्फरस जलाशयात गेला की शेवाळ माजते. म्हणून शेणखत कोणत्या शेतात, कधी आणि किती टाकायचे हेही ठरते. गोठ्याच्या अंगणातले सांडपाणी वळवले जाते, गुरांना ओढ्याऐवजी दुसरीकडे पाणवठा मिळतो. प्रत्येक शेताचा आराखडा वेगळा असतो आणि तो शेतकऱ्याच्या संमतीने बनतो.

यात 1998 मध्ये केंद्रीय कृषी खात्याची योजना जोडली गेली. ओढ्याकाठची पट्टी दहा ते पंधरा वर्षे झाडांसाठी सोडायची. तिचे वार्षिक भाडे केंद्राकडून. कुंपण आणि लागवडीचा खर्च केंद्र आणि शहर यांनी वाटून घ्यायचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही पट्टी पडीक राहत नाही; ती भाड्याने दिलेली जमीन असते. अनुदान आणि मोबदला यांतला फरक तुम्हाला इथे सर्वांत स्पष्ट दिसेल.

तानसा-भातसाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकर वाचकाच्या मनात तुलना येईलच. ती जरूर करावी, मात्र घाईने नको. तानसाचा परिसर अभयारण्य आहे, तर कॅट्सकिलच्या पाणलोटात बरीच जमीन खासगी मालकीची होती आणि आहे. मालकी बदलली की वाटाघाटीला कोण बसते, तेही बदलते.

एक प्रश्न मात्र वाचताना सतत जवळ ठेवा. कुंपणाचे पैसे मिळाले, तरी दुधाला भाव मिळतोच असे नाही. गोठा बंद पडला आणि जमीन घरबांधणीसाठी विकली गेली, तर इतक्या काळजीने राखलेल्या ओढ्याचे काय? शेतजमीन शेतीसाठीच राखण्याचे हक्क विकत घेणे आणि स्थानिक मालाला बाजार मिळवून देणे हे पुढचे प्रयत्न याच काळजीतून आले. इथवर आलात की शहर, राज्य, केंद्र आणि खोऱ्यातली गावे यांच्यातला 1997चा करार हाती घ्यावा. शहराने जमीन घ्यायची ती राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच, हे त्यातले कलम आधी वाचावे.