बार्बियानाची शाळा (१९५४–१९६७): नापास मुले, सामूहिक जीवन आणि उभारी

१. प्रस्तावना

शिक्षणाचा इतिहास म्हटला की तुमच्यासमोर आयोग, कायदे, विद्यापीठे आणि मोठमोठ्या संस्था येतात. या पाठात आपण एका अगदी लहान शाळेचा इतिहास पाहणार आहोत. इटलीच्या तोस्काना प्रांतात, फिरेंझे म्हणजेच फ्लॉरेन्स शहराच्या ईशान्येला, मुजेल्लो नावाच्या डोंगराळ भागात बार्बियाना ही वस्ती आहे. तिथल्या कॅथलिक चर्चला लागून असलेल्या धर्मगुरूंच्या घरात ही शाळा भरत असे. तिला इमारत नव्हती, पगारी शिक्षक नव्हते आणि सरकारी अनुदानही नव्हते. तरीही तिथल्या मुलांनी लिहिलेले एक पुस्तक जगातल्या अनेक भाषांत गेले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने आले.

या इतिहासातून आपल्याला एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. ज्या मुलाला शाळेने 'तुला जमणार नाही' असे सांगून घरी पाठवले आहे, त्याच्यात पुन्हा उभे राहण्याची ताकद कशी येते? या ताकदीला आपण इथे 'उभारी' म्हणू. ती मुलाच्या स्वभावात असते की भोवतालचा समूह ती घडवतो? बार्बियानाने या प्रश्नाला दिलेले उत्तर समजून घेण्यासाठी आधी त्या काळची इटलीतील शाळा पाहू.

२. पार्श्वभूमी: दोन वाटांची शाळा

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली प्रजासत्ताक झाले आणि १९४८ मध्ये नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या ३४व्या कलमाने किमान आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आणि मोफत ठरवले. प्रत्यक्षात मात्र पाच वर्षांच्या प्राथमिक शाळेनंतर वाट दुभंगत होती. एका वाटेवर लॅटिन शिकवणारी माध्यमिक शाळा होती. तिथूनच पुढे उच्च शिक्षण आणि विद्यापीठाकडे जाता येई. दुसरी वाट कामधंद्याची तयारी करून देणाऱ्या शाळेची होती. शेतकरी आणि मजुरांची मुले बहुधा या दुसऱ्या वाटेला लागत, आणि डोंगरातली मुले तर पाचवीनंतर थेट गुरांमागे जात.

३१ डिसेंबर १९६२ च्या कायद्याने या दोन वाटा एक करून सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा आणली. कायद्याने दार उघडले, पण आत गेलेली गरिबांची मुले नापास होऊन बाहेर पडू लागली. हा मुद्दा लक्षात ठेवा. प्रवेशाचा हक्क मिळाला म्हणजे टिकून राहण्याचा हक्कही मिळाला असे होत नाही. बार्बियानाच्या मुलांचे पुढचे सारे म्हणणे याच फरकावर उभे आहे.

३. लोरेंझो मिलानी आणि बार्बियाना

लोरेंझो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फिरेंझे येथे एका सधन, सुशिक्षित कुटुंबात झाला. त्यांची आई ज्यू वंशाची होती. घरात धर्माचे वातावरण फारसे नव्हते. तरुणपणी त्यांना चित्रकलेची ओढ होती. १९४३ मध्ये त्यांनी धर्मगुरू होण्याचा निर्णय घेतला आणि १९४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढे त्यांची नेमणूक सान दोनातो दि कालेन्झानो या गावी झाली. तिथे त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. कम्युनिस्टांच्या घरातल्या मुलांनाही संकोच वाटू नये म्हणून त्यांनी वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला. धर्मगुरूने असे करणे त्या काळी धक्कादायक होते. त्यांचे म्हणणे असे, की ज्याच्यापाशी भाषाच नाही त्याला उपदेश तरी कसा कळणार? तेव्हा आधी भाषा द्यायला हवी.

डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना बार्बियानाला पाठवण्यात आले. ही बढती नव्हती. तो धर्मग्राम बंद होण्याच्या बेतात होता. डोंगरावर विखुरलेल्या घरांत शंभरच्या आसपास माणसे राहत. वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते आणि वर जाणारा धड रस्ताही नव्हता. मिलानी तिथे पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावच्या दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. आपण इथून सुटका होण्याची वाट पाहत नाही, ही गोष्ट त्यांनी अशी कृतीतून सांगितली. सोडून दिलेल्या वस्तीत राहणाऱ्या मुलांसाठी 'हा माणूस जाणार नाही' हा विश्वासच पहिला धडा होता.

४. शाळेचा दिवस

१९५६ मध्ये प्राथमिक शिक्षण संपवलेल्या सहा मुलांना घेऊन नियमित शाळा सुरू झाली. ती रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सुमारे बारा तास चाले. रविवारी सुट्टी नाही, उन्हाळ्यात नाही आणि सणालाही नाही. तुम्हाला हे क्रूर वाटेल. पण या मुलांच्या दृष्टीने शाळा सुटली म्हणजे खेळ नव्हता, तर गोठा, शेण आणि मेंढरे होती. त्यामुळे शाळेचा लांब दिवस त्यांना शिक्षेसारखा वाटत नसे.

बाके आणि टेबले मुलांनीच केली. भिंतींवर त्यांनीच तयार केलेले नकाशे आणि तक्ते होते. एका खोलीत लाकूड आणि लोखंड यांचे काम चाले. रोज वर्तमानपत्राचे सामूहिक वाचन होई. अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी थांबून तो कुठून आला, कोण वापरतो, कशासाठी वापरतो, याचा शोध घेतला जाई. वाचनात सॉक्रेटिसचा बचाव होता, चार शुभवर्तमाने होती आणि गांधीजींचे आत्मचरित्रही होते.

या शाळेचे दोन नियम विशेष लक्षात घ्या. पहिला, ज्याला सर्वांत कमी येते तो सर्वांत महत्त्वाचा. त्याला समजेपर्यंत वर्ग पुढे सरकत नसे. दुसरा, थोडे जास्त येणाऱ्याने कमी येणाऱ्याला शिकवायचे. बारा-तेरा वर्षांचा मुलगाही कुणाचा तरी शिक्षक असे. नापासाचा शिक्का घेऊन आलेल्या मुलाला काही महिन्यांत असे दिसे की आपल्यावर कुणीतरी अवलंबून आहे. त्याची उभारी या जबाबदारीतून येत होती. नुसत्या शाबासकीने ती आली नसती.

भिंतीवर 'आय केअर' हे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. 'मला त्याची पर्वा आहे, ते माझे काम आहे' असा त्याचा भाव. फॅसिस्टांची घोषणा 'मला काय त्याचे' अशा अर्थाची होती. हे शब्द तिच्या नेमके विरुद्ध आहेत, असे मिलानी यांनी स्वतःच पुढे न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले.

५. भीती घालवण्याचे शिक्षण

डोंगरातल्या मुलांना पाण्याची भीती वाटे. शाळेजवळ मुलांनी स्वतः खणून एक छोटा पोहण्याचा हौद तयार केला. एका विद्यार्थ्याला शाळेत येताना ओढा ओलांडावा लागे आणि पावसात ते धोक्याचे होते. त्याच्यासाठी ओढ्यावर लहानसा पूल उभा राहिला. थोडी मोठी झालेली मुले परदेशात कामाला आणि भाषा शिकायला जात. गावाबाहेर फारसे न पडलेली ही मुले परक्या देशात राहून, कमावून परत येत.

या तिन्ही गोष्टींत एक समान धागा आहे. भीती हा त्या एकट्या मुलाचा दोष आहे असे शाळेने मानले नाही. परिस्थितीने ती दिली आहे, तेव्हा ती सगळ्यांनी मिळून दूर करायची. आज उभारीविषयी बोलताना आपण अनेकदा मुलालाच 'खंबीर हो' असे सांगतो. बार्बियानात आधी पूल बांधला गेला.

६. सामूहिक लेखन

१९६३ मध्ये मारियो लोदी या प्राथमिक शिक्षकाशी मिलानी यांचा संबंध आला आणि दोन्ही शाळांतील मुलांनी एकमेकांना पत्रे लिहिली. त्यातून सामूहिक लेखनाची पद्धत आकाराला आली. तिचे टप्पे असे होते:

(अ) प्रत्येकाने वही जवळ ठेवून सुचेल ते टिपायचे.
(आ) एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा.
(इ) सर्व चिठ्ठ्या टेबलावर मांडून सारख्या विचारांचे गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायचे. नाव सुचत नसेल तर त्यात भलतेच काही मिसळले आहे असे समजायचे.
(ई) क्रम ठरवून मजकूर लिहायचा. मग जास्तीचा शब्द, लांबलेले वाक्य, एका वाक्यात कोंबलेले दोन विचार काढून टाकायचे.
(उ) बाहेरच्या, विशेषतः कमी शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचे. त्याला कळले नाही तर पुन्हा लिहायचे.

या पद्धतीत हुशार मुलाची चिठ्ठी आणि मागे पडलेल्या मुलाची चिठ्ठी एकाच टेबलावर येते. चिठ्ठी पाहून ती कुणाची हे कुणी विचारत नाही. उपयोगाची असेल तर ती राहते. आपल्या वर्गात गटचर्चा कशी होते, बोलणारे दोघे आणि गप्प बसणारे दहा, ते आठवून पाहा. मग या पद्धतीचे महत्त्व कळेल.

७. खटला आणि 'शिक्षिकेस पत्र'

फेब्रुवारी १९६५ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेल्या काही धर्मगुरूंनी एक निवेदन काढले. सद्सद्विवेकाला स्मरून लष्करी सेवा नाकारणे हा भ्याडपणा आहे, असे त्यात म्हटले होते. बार्बियानाच्या वर्गात ती बातमी वाचली गेली आणि मिलानी यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. त्यावरून त्यांच्यावर खटला भरला गेला. ते तेव्हा रक्ताच्या कर्करोगासारख्या गंभीर आजाराने, हॉजकिन्स लिम्फोमाने, ग्रासलेले होते. म्हणून त्यांनी न्यायाधीशांना लेखी पत्र पाठवून आपली बाजू मांडली. शिकवणारा माणूस चूक दिसत असताना गप्प राहिला तर मुलांना तो काय तोंड दाखवणार, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. फेब्रुवारी १९६६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

त्याच सुमारास शिक्षक होण्यासाठी सरकारी शाळेत गेलेली बार्बियानाची मुले नापास झाली. त्यातून 'शिक्षिकेस पत्र' हे पुस्तक जन्मले. आठ मुलांनी वर मांडलेल्या पद्धतीने ते लिहिले. कामावर जाणारे जुने सोबती रविवारी येऊन मदत करीत. मे १९६७ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

पुस्तकात दोन प्रातिनिधिक मुले आहेत, शेतकऱ्याचा जान्नी आणि डॉक्टरचा पिएरिनो. पिएरिनो घरूनच भाषा घेऊन येतो. जान्नीची भाषा शाळेला भाषाच वाटत नाही. मुलांनी सरकारी आकडेवारी गोळा करून दाखवले, की नापास होणाऱ्यांत शेतकरी आणि मजुरांची मुले ठळकपणे जास्त आहेत. या संख्याशास्त्रीय कामाला इटालियन भौतिकशास्त्र संस्थेने पारितोषिक दिले. त्यांच्या मागण्या तीन होत्या: नापास करू नका, मागे पडलेल्यांना पूर्ण वेळ शाळा द्या, आणि ज्यांचे मन लागत नाही त्यांना शिकण्याचे प्रयोजन द्या.

पुस्तक आल्यावर महिनाभरात, २६ जून १९६७ रोजी, मिलानी वारले. त्यांना बार्बियानातच पुरले.

८. मूल्यमापन

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा कथेतून संत आणि चमत्कार काढू नयेत. तीन मर्यादा नोंदवायला हव्यात. एक, ही शाळा एका माणसाभोवती उभी होती आणि त्याच्या मृत्यूनंतर फार काळ चालली नाही. दोन, शिस्त कडक होती. मिलानी रागावत आणि मारण्याचेही समर्थन करीत. आज ते मान्य होणार नाही. तीन, मुलींची संख्या फार कमी होती. मुलींनी डोंगर चढून शिकायला यावे असे पालकांना वाटत नव्हते आणि शाळेला ते पुरते बदलता आले नाही.

चर्चशीही संबंध सरळ नव्हते. त्यांचे १९५८ चे पुस्तक विक्रीतून काढून घेण्याचा आदेश निघाला होता. तो निर्बंध २०१४ मध्ये उठला आणि २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला येऊन त्यांच्या थडग्यापाशी प्रार्थना केली.

असे असले तरी विद्यार्थ्यांचे पुढचे आयुष्य पाहा. लहानपणी मिलानी यांच्या सांभाळी आलेल्या दोन भावांपैकी मिकेले जेझुआल्दी कामगार संघटनेत गेले आणि पुढे फिरेंझे प्रांताचे अध्यक्ष झाले. फ्रान्चेस्को जेझुआल्दी यांनी ग्राहक आणि विषम व्यापार या विषयांवर काम करणारे केंद्र उभारले. 'आय केअर' भिंतीवरून त्यांच्या आयुष्यात उतरले होते.

९. आपल्यासाठी अर्थ

आपल्याकडे १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. हात, बुद्धी आणि समूह यांना जोडण्याचा तो प्रयत्न होता. दोन्हींत साम्य दिसते, पण भेदही पाहा. वर्ध्याच्या योजनेत हस्तोद्योग केंद्रस्थानी होता, तर बार्बियानात शब्द.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १६व्या कलमाने आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा आणली. नापास झालेल्याला जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची आणि तरीही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांना मिळाली. यावर दोन्ही बाजूंनी वाद घातला जातो. बार्बियाना त्या वादात एक अट घालते. तिथे 'नापास करू नका' ही मागणी एकटी कधीच नव्हती. तिच्यासोबत जास्त वेळ, जास्त शिकवणे आणि कुणालाही मागे न सोडणारा समूह होता. हे नसेल तर मूल वरच्या वर्गात जाऊनही तितकेच एकटे राहते.

१०. सारांश

बार्बियानाची मुले मुळात चिवट होती म्हणून टिकली, असे म्हणणे अपुरे आहे. कायम राहणारा एक प्रौढ माणूस, दुसऱ्याला शिकवण्याची जबाबदारी, भीती मिळून दूर करण्याची सवय आणि स्वतःचे म्हणणे मांडण्याइतकी भाषा, या चार गोष्टींतून त्यांची उभारी घडली.

विचारासाठी प्रश्न

१. १९६२ च्या इटालियन कायद्यानंतरही गरीब मुले शाळेबाहेर का पडत राहिली?
२. सामूहिक लेखनाचे टप्पे सांगून त्यांचा समूहजीवनाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
३. 'एका माणसावर उभी असलेली शाळा आदर्श ठरू शकत नाही.' या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील शाळा अर्धवट सोडलेल्या तीन जणांशी बोला. त्यांनी सांगितलेली कारणे चिठ्ठ्यांवर लिहून गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या.