इंदूरची १९१७ ची दिवाळी

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा आराखडा करण्यास आलेले स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागले, तेव्हा लोक त्यांना पाहून बिचकत. ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ अशी त्यांची ख्याती झाली होती. नकाशा घेऊन साहेब आला की पाठोपाठ घरे पाडली जातात, हा त्या काळचा अनुभव असल्याने लोकांना दोष देता येत नाही.

पाडापाडी गेडिस यांना मुळातच अमान्य होती. त्यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीत मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले. ती हिंदूंच्या रूढ मार्गाने जाणार नव्हती, मुसलमानांच्याही नव्हे. ज्या रस्त्यावरील सर्वाधिक घरे झाडून-सारवून दुरुस्त झालेली असतील, त्याच रस्त्याने जाणार होती.

या अटीतले मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. दरबारी नोकरीतला मराठी गृहस्थ असो, माळवी कारागीर असो, मारवाडी पेढीवाला असो की बोहरी दुकानदार, एकट्याने आपले घर रंगवून भागणार नव्हते. शेजारच्या बोळातला उकिरडा तसाच राहिला, तर मान दुसऱ्या आळीला जाणार होता. आपले दार लोटून घेण्याची सवय ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांना शेजाऱ्याच्या अंगणाची विचारपूस करणे भाग पडले. कचरा वाहून नेण्याची सोय विनामूल्य होती. गाड्यांमागून गाड्या भरून गेल्या.

मिरवणुकीत रोगांचे राक्षस होते, घाणीचा महाकाय पुतळा होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. या दोघांचे अखेर दहन झाले. त्याच मिरवणुकीत पांढऱ्या स्वच्छ वेषात, नवे झाडू घेऊन शहरातील सफाई कामगार मानाने चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. साथ ओसरली, अर्थात तिचा हंगामही सरत आला होता, हे सांगितलेच पाहिजे. दिवाळी सरल्यावर झाडू मात्र पूर्वीच्याच हातांत राहिला. शेजाऱ्यांनी एकमेकांची अंगणे पाहिली, पण त्या कामगारांच्या वस्तीपर्यंत ही विचारपूस पोहोचली असे म्हणवत नाही.

गेडिस यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या गल्ल्या सरसकट न पाडता जागोजागी थोडी मोकळीक करावी, हा त्यातील आग्रह. इंदुरात विद्यापीठ असावे, हा विचारही त्यातच आहे.