आपोआप सरळ होणारं चाक

मंडळी, वळण संपलं की ड्रायव्हर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करतो आणि चाक हातातल्या हातात सरकत सरळ होतं. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नाही. पण मोटारी जन्मतःच अशा नव्हत्या.

१८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही सुमारे ११७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लेव्हासॉरने जवळजवळ एकट्यानेच गाडी हाकली आणि ४८ तास ४८ मिनिटांत तो पॅरिसला परतला. त्याच्या गाडीला गोल स्टिअरिंग नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा होता. खड्ड्याचा प्रत्येक हिसका थेट हातात यायचा. म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री त्या माणसाने चाकं केवळ मनगटाच्या जोरावर सरळ धरली! पुढच्याच वर्षी पॅरिस-मार्सेय शर्यतीत कुत्र्याला वाचवताना त्याची गाडी उलटली. तो जबर जखमी झाला आणि एप्रिल १८९७ मध्ये वारला.

त्याच्यामागे पानार-लेव्हासॉर कंपनीची सूत्रं आर्तुर क्रेब्झकडे आली. हा फौजी अधिकारी. १८८४ मध्ये शार्ल रनारबरोबर 'ला फ्रान्स' हे हवाईजहाज उडवून, निघाल्या जागी परत आणून उतरवणारा. अशा माणसाला दिशेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. त्याने १८९६ मध्येच मोटारीचं एक पेटंट मागितलं होतं. वळणाचा जोर संपला की पुढची चाकं आपली आपण सरळ व्हावीत, ही त्यातली एक कल्पना.

युक्ती साधी आहे. इस्पितळातली ट्रॉली ढकलली की तिची छोटी चाकं वळून खिळ्याच्या मागे जातात आणि तशीच फरफटत येतात. मोटारीतही चाक ज्या खिळ्याभोवती वळतं, त्याची रेघ जमिनीला टायर टेकण्याच्या जागेच्या किंचित पुढे भेटली पाहिजे. मग गाडी पुढे जाताना रस्ताच चाकाला ओढून सरळ करतो. सायकलचा चिमटा तिरका असतो, त्यातही हाच फायदा आहे. मोटारीतल्या या कलाला कॅस्टर म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तो होता अवघा ३ अंश!

पुढे मुंबईत महिंद्रांनी याच विलीजच्या जीप बांधल्या आणि त्या आपल्या घाटांत, शेतांत, सरकारी दौऱ्यांवर वर्षानुवर्षं फिरल्या. माझ्या भाच्याकडे अशीच एक जुनी जीप आहे. मध्यंतरी तिचं स्टिअरिंग वळवलं की वळलेलंच राहू लागलं. वरंध घाटातल्या वळणांवर हे दुखणं म्हणजे खेळ नव्हे. डाव्या हाताला दरी असते.

भोरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी टायरमधली हवा पाहिली, फोर-व्हील गिअर सुटलेला आहे ना ते पाहिलं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग फिरवलं. "अधांतरी असताना जड लागलं तर कुठंतरी घासतंय, हलकं फिरलं तर कोन बिघडलाय," ते म्हणाले. जड लागलं. त्यांनी बॉक्सला जोडलेला दांडा सोडवला. चाकं हाताने सहज वळली, बॉक्स मात्र घट्ट! कुठल्याशा गॅरेजने 'प्ले' काढायला त्याचा स्क्रू आवळून ठेवला होता. तो बेताने सैल केला आणि स्टिअरिंग परत येऊ लागलं.

चाकं हलकी फिरली असती तर? मग पाटे आणि शॅकल तपासायचे. जीप उंच दिसावी म्हणून हल्ली पुढच्या टोकाला लांब शॅकल लावतात. त्याने ॲक्सल पुढे कलतो आणि ते ३ अंश कधी गेले ते कळतही नाही. मग पाट्याखाली पाचर घालून कोन परत आणावा लागतो.

लेव्हासॉरला जे मनगटाने करावं लागलं ते आता तीन अंशांचा कल करतो. तेव्हा मंडळी, तुमच्या गाडीचं चाक वळणानंतर परत येईनासं झालं, तर 'सवय होईल' म्हणू नका. घाट उतरायच्या आधी जॅक लावा.