गुलाबी पानं आणि वाचकांचे पत्ते

पहिल्या नोकरीत मला एकटीच्या जबाबदारीवर मिळालेलं पहिलं काम म्हणजे एका अमेरिकन रोमान्स-लेखिकेची वेबसाइट नव्याने करणं. इंजिनिअरिंग संपवून जेमतेम वर्ष झालं होतं आणि डिझाइनबद्दलची माझी मतं फारच ठाम होती. जुनी साइट उघडून मी हसले होते. गुलाबी पार्श्वभूमी, वळणदार अक्षरं, प्रत्येक पानावर 'न्यूजलेटरसाठी ईमेल द्या' अशी चौकट, आणि डाव्या बाजूला 'पुस्तकांची यादी छापून घ्या' अशी लिंक. या काळात यादी छापतं कोण? मी ती काढून टाकली. चौकट पानाच्या अगदी तळाशी सरकवली. वर नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ स्क्रीनभर लावलं, त्याखाली 'विकत घ्या'चं बटन. सगळं पांढरं, मोकळं, देखणं.

पंधरा दिवसांत लेखिकेची मेल आली. यादी कुठे गेली, असं वाचक विचारत होते. तिची चाळीसच्या वर पुस्तकं, त्यात चार मालिका. तिच्या वाचक बायका ती यादी छापून पर्समध्ये ठेवायच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या त्यावर खुणा करायच्या. दुसरी गोष्ट तिला जास्त लागली होती. न्यूजलेटरसाठी रोज येणारे नवे ईमेल पत्ते जवळपास थांबले होते. 'मुखपृष्ठ लहान झालं तरी चालेल, चौकट वर घे,' असं तिने लिहिलं होतं.

मी दुखावले. बाईंना डिझाइन कळत नाही, अशी स्वतःची समजूत घालून चौकट वर घेतली. पण एवढा हट्ट कशासाठी, हे काही डोक्यातून जाईना. म्हणून या धंद्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि वाचता वाचता लक्षात आलं की रोमान्सच्या प्रसिद्धीत खरी मारामारी वाचकाचा पत्ता कोणाच्या वहीत आहे यावरून चालते. मुखपृष्ठाचा नंबर त्यानंतरचा.

मिल्स अँड बून आपल्याकडे सगळ्यांना माहीत. माझी मावशी सर्क्युलेटिंग लायब्ररीतून ती पुस्तकं आणायची आणि घरी पोचायच्या आत त्यांवर वर्तमानपत्राचं कव्हर चढलेलं असायचं. लेखिकेचं नाव विचारलं तर तिला एकही सांगता यायचं नाही. यात मावशीचा दोष नव्हता, तशीच योजना होती. १९०८ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही संस्था १९७१ मध्ये हार्लेक्विन या कॅनडातल्या प्रकाशनाने विकत घेतली. त्याच सुमारास हार्लेक्विनच्या प्रमुखपदी लॉरेन्स हाईसी आले. ते प्रॉक्टर अँड गॅम्बलमधून, म्हणजे साबणाच्या धंद्यातून आलेले. साबणाची वडी कोणी बनवली हे गिऱ्हाईक विचारत नाही, वेष्टन ओळखतं. हाईसींनी पुस्तकंही तशीच विकली. एकसारखी मुखपृष्ठं, ठरावीक पानं, दर महिन्याला ठरावीक संख्येने नवी पुस्तकं, सुपरमार्केटमध्ये विक्री आणि डिटर्जंटच्या खोक्यांतून फुकट नमुने. शिवाय टपालाने घरपोच वर्गणी. या वर्गणीमुळे वाचकांचे पत्ते कंपनीकडे जमा होत गेले. लेखिकेकडे त्यातला एकही नाही.

कित्येकींकडे तर स्वतःचं नावही नसायचं. टोपणनावावर करारात प्रकाशकाचा हक्क असे. लेखिकेने प्रकाशक बदलला की नाव मागेच राहायचं, आणि त्या नावाने गोळा झालेले वाचकही. जेन अ‍ॅन क्रेंट्झची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तिचं जन्माचं नाव जेन कॅसल. त्या नावाने ती लिहू लागली, पण एका करारामुळे कित्येक वर्षं तिला ते वापरताच आलं नाही. पुढे ते परत मिळालं. आज ती तीन नावांनी लिहिते. वर्तमानकाळातल्या कथा क्रेंट्झ, ऐतिहासिक कथा अमँडा क्विक आणि भविष्यातल्या कथा जेन कॅसल. तिन्ही नावं तिच्या एकाच वेबसाइटवर सुखाने नांदतात. स्वतःच्या नावाचं डोमेन घेणं हे माझ्यासाठी वर्षाचं हजारेक रुपयांचं काम. या बायकांना त्यात काय वाटलं असेल, ते हे वाचल्यावर थोडंफार कळलं.

वाचक मात्र वेष्टनावर पूर्ण भिस्त ठेवून नव्हत्याच. जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या एका गावातल्या रोमान्स-वाचक बायकांवर १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात दुकानात काम करणारी एक बाई आहे, तिला त्यांनी 'डॉट' असं बदललेलं नाव दिलंय. दर महिन्याला येणाऱ्या ढिगातून कोणतं घ्यावं आणि कोणतं टाळावं हे सांगणारं एक न्यूजलेटर डॉट १९८० पासून काढायची. तिच्या गिऱ्हाइकांना मुखपृष्ठाची पर्वा नव्हती. शेवट गोड आहे ना, नायक नायिकेला नीट वागवतो ना, एवढं आधी कळलं की पुरे. पैसे आणि दुपारचे दोन तास, दोन्ही मोजून खर्च करायचे असतात. मी हसले होते ती चौकट म्हणजे डॉटचं न्यूजलेटरच होतं, फक्त आता ते लेखिकेच्या हातात आलेलं.

नव्वदीच्या दशकात वेब आलं तेव्हा रोमान्सवाल्या बायका त्यावर फार लवकर पोचल्या. समीक्षक त्यांना विचारत नव्हते, मोठ्या वर्तमानपत्रांत परीक्षणं येत नव्हती, त्यामुळे वाट बघण्यासारखं काही नव्हतंच. त्या काळातली पानं आजही इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. टेबलांत कोंबलेला मजकूर, गुलाबाच्या नक्षीची किनार, भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा काउंटर. व्यावसायिक नजरेला भयंकर. पण नव्या पुस्तकाची तारीख, मालिकेचा क्रम, पहिलं प्रकरण आणि ईमेलची चौकट हे चार ऐवज बहुतेक ठिकाणी पहिल्याच पानावर. त्या बायकांना आपली वाचक काय शोधत येते ते पक्कं ठाऊक होतं.

मग २००७ मध्ये किंडल आलं आणि मुखपृष्ठाचा आकार टपालाच्या तिकिटाएवढा झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकात रंगवलेली ती प्रसिद्ध चित्रं, वाऱ्यावर उडणारे केस, सुटलेलं बटन, मिठी, हे सगळं तिकिटाच्या आकारात नुसता तपकिरी डाग दिसतं. म्हणून अक्षरं मोठी झाली, चित्रं सोपी झाली. 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'च्या मुखपृष्ठावर माणूसच नाही, नुसता टाय. पुढे सपाट रंगांतल्या कार्टूनसारख्या जोड्यांची लाट आली. ती चित्रं कितीही लहान केली तरी ओळखू येतात, आणि लोकलमध्ये उघडपणे वाचता येतात. मावशीला वर्तमानपत्राचं कव्हर लागलं नसतं. पण आत किती उघड शृंगार आहे हे बाहेरून कळत नाही, अशी तक्रार वाचक करतात, आणि ती मला पटते. जुनं चित्र भडक होतं, पण फसवत नव्हतं.

किंडलने लेखिकांना प्रकाशकाच्या दारातून सोडवलं. स्वतः प्रकाशित करून चांगले पैसे मिळवणाऱ्यांत रोमान्स-लेखिका पुष्कळ आहेत. पण अ‍ॅमेझॉन लेखिकेला विक्रीचा आकडा सांगतं, पुस्तक घेणाऱ्याचा ईमेल पत्ता देत नाही. वही पुन्हा दुसऱ्याकडेच. फेसबुकवर पान काढलं, हजारो लोक जमले, आणि काही वर्षांत त्याच लोकांपर्यंत पोचायला पैसे मोजायची वेळ आली. टिकटॉकने कॉलीन हूवरची २०१६ मधली कादंबरी काही वर्षांनी खपाच्या याद्यांच्या माथ्यावर नेऊन बसवली खरी, पण ही कृपा उद्या कोणावर होईल हे कोणाला सांगता येतं? भारतात तर २०२० च्या जूनमध्ये ते अ‍ॅप एका आदेशाने बंदच झालं. ओहायोमधलं एलोराज केव्ह हे रोमान्स ई-बुकांचं एके काळी गाजलेलं प्रकाशन २०१६ च्या अखेरीस बंद पडलं. जिच्याकडे स्वतःच्या वाचकांचे पत्ते होते, ती निदान एक मेल पाठवून सांगू शकत होती की माझी पुस्तकं आता कुठे मिळतील.

हे सगळं वाचून झाल्यावर मी यादीचं पान परत केलं. या वेळी मन लावून. मालिकेप्रमाणे क्रम, प्रत्येक नावापुढे खूण करायला रिकामा चौकोन, घरच्या प्रिंटरवर दोन पानांत बसेल अशी मांडणी, शाई कमी लागावी म्हणून गुलाबी रंग नाही. मुखपृष्ठ एक तृतीयांश केलं. मी ती नोकरी केव्हाच सोडली, पण लेखिकेचं न्यूजलेटर मला अजून येतं. एकदा मी तिला विचारलं होतं की पत्त्यांची फाइल सर्व्हरवर सुरक्षित असताना ती दर महिन्याला स्वतःच्या कॉम्प्युटरवर का उतरवून घेते. तिचं उत्तर एका ओळीचं होतं. कॉम्प्युटरवर घेऊन ती थांबत नाही, एक प्रत पेन ड्राइव्हवर घालून बहिणीच्या घरी ठेवते.